जॅकेटच्या बटणाआधी नोजबँडचं भोक बघा

परवा घोडेस्वारीच्या एका स्पर्धेत वॉर्म-अपच्या मैदानाच्या फाटकावर मदतनीस म्हणून उभी होते. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी नंबर पुकारल्यावर आत निघाली आणि तिला थांबवलं. केस जाळीत नव्हते, वेणी जॅकेटवर लोंबत होती. पोरीचा चेहरा एवढासा झाला. कुणीतरी धावत जाऊन जाळी आणली, चार पिना खोचल्या आणि ती गेली. नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दहा मिनिटांत, त्याच मैदानाच्या कोपऱ्यात एक मुरलेला स्वार घोड्याला एकाच जागी गरागरा फिरवत होता आणि लगामाला हिसक्यावर हिसके देत होता. घोड्याचं तोंड उघडं, हनुवटी छातीला चिकटलेली, शेपूट सारखी आपटत होती. स्वाराच्या जॅकेटवर मात्र एक सुरकुती नव्हती. त्याला कुणी हटकलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आमच्या खेळात नीटनेटकेपणाला शिस्त म्हणतात, आणि एकदा माणूस नीटनेटका दिसला की बाकीचं कुणी फार बघत नाही.

या पोशाखाचं मूळ लष्करात आणि शिकारीत आहे. कपड्यांइतकाच हुद्दाही महत्त्वाचा होता, हे आज खरं वाटत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचं (घोड्याच्या ठरलेल्या चाली दाखवून गुण मिळवायचा प्रकार) सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं. कारण काय, तर लष्करातला स्वार अधिकारीच असायला हवा अशी अट होती, आणि संघातला गेनॅल पेर्सन हा खरा अधिकारी नव्हता. तो सार्जंट. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. घोडा तोच, स्वारी तीच, गुण तेच, पण हुद्दा बसेना. १९५२ ला हेलसिंकीत ती अट गेली, तोच पेर्सन पुन्हा सुवर्ण जिंकून गेला. त्याच स्पर्धेत बायकांनाही पहिल्यांदा ड्रेसाजमध्ये प्रवेश मिळाला, आणि पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागायची. घोड्याला मात्र तिचा हुद्दा कळत नव्हता की ती बाई आहे हेही.

आता कुणी म्हणेल, मग पोशाखाचे नियमच काढून टाका. मुळीच नाही. मला तो पोशाख आवडतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना चोख कारण आहे. बुटाला टाच असते ती पाय रिकिबीतून आरपार घुसू नये म्हणून. पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. गळ्यातल्या स्टॉकची, म्हणजे गळपट्ट्याची, पिन आडवी लावायची, उभी नाही, पडल्यावर ती गळ्यात घुसू नये म्हणून. आणि पांढरे हातमोजे! ते शोभेसाठी असतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. एका जुन्या प्रशिक्षकांनी समजावलं, की काळ्या घोड्यावर पांढरा हात किंचित जरी हलला तरी पंचाला लांबून दिसतो. मोजा तुमचा हात झाकत नाही, उघडा पाडतो. तेव्हापासून मोजे घालताना मी जरा घाबरतेच.

जिथे कारण नव्हतं, फक्त रुबाब होता, तिथे बदल व्हायला किती वेळ लागला बघा. ड्रेसाजमध्ये उंच टॉप हॅट घालून बसायचं. २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय हेल्मेटशिवाय सराव करताना घोड्यासकट पडली, डोक्याला मार लागला आणि ती कोमात गेली. वाचली, पण पहिल्यासारखी स्वारी परत मिळाली नाही. त्यानंतर हेल्मेटबद्दल जोरात बोललं जाऊ लागलं. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने ड्रेसाजमध्ये हेल्मेट सक्तीचं केलं ते २०२१ पासून. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मधल्या काळात "परंपरा बुडेल" म्हणणाऱ्यांत मीही होते, कबूल करते. टॉप हॅट देखणीच दिसायची.

शो जंपिंग त्या मानाने शहाणं. तिथे हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सुटला असताना तुम्ही अडथळ्यावर घोडा घातला, तर सरळ बाद. पोशाखाचा नियम असावा तर असा.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बाकीचे बरेच जण हॅट घालून उतरले असताना ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिनने हेल्मेट घातलं आणि सुवर्ण जिंकलं. किती जणींनी त्यानंतर हॅट टाकली असेल! आदर्श म्हणावी तर हीच. आणि तिचाच एक जुना व्हिडिओ २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, बाहेर आला. एका खासगी तालमीत विद्यार्थिनी घोड्यावर बसलेली आणि ही खाली उभी राहून लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर मारतेय, एका मिनिटात वीसहून जास्त वेळा. तिने माघार घेतली, चूक मान्य केली. एक वर्षाची बंदी आणि दहा हजार स्विस फ्रँक दंड झाला. मला त्या व्हिडिओत सगळ्यात जास्त काय टोचलं, तर तिथे पंच नव्हता, प्रेक्षक नव्हते. खरी स्वारी तिथेच कळते, आणि तिथे कुठलाच नियम पोहोचत नाही. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून कळलं, एवढंच.

घोड्यासाठी नियम नाहीत असं नाही. जंपिंगचा चाबूक ७५ सेंटिमीटरहून लांब नको, एका चुकीसाठी तीनपेक्षा जास्त फटके नकोत. नोजबँड, म्हणजे घोड्याच्या नाकाभोवतीचा पट्टा, त्याखाली दोन बोटं जायला हवीत, हे तर आपण सगळे पहिल्या दिवशी शिकतो. पण कुणाची बोटं? माझी की पैलवानाची? नाकाच्या हाडावर घालायची की बाजूला, जिथे मऊ जागा असते आणि कितीही आवळलं तरी बोटं जातात? हा घोळ मिटवायला २०२५ मध्ये महासंघाने मोजायचं साधन आणलं. घोड्याचं नाक आणि पट्टा यांच्यात किती जागा हवी हे ठरवायला इतकी वर्षं लागली. जाळीतून सुटलेली एक बट मात्र आम्हाला वीस मीटरवरून दिसते.

आता माझी गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या घोडीने दुसऱ्या अडथळ्यापुढे दोनदा पाय रोवले. मी हसतमुखाने पंचांना सलाम केला, पांढऱ्याशुभ्र ब्रीचेसमध्ये ताठ बसून बाहेर आले आणि तंबूच्या मागे, कुणाला दिसत नाही असं बघून, तिला चाबकाने झोडपलं. किती फटके मारले ते मोजले नाहीत. मोतद्दार काका बघत होते. ते एक शब्द बोलले नाहीत. येऊन त्यांनी फक्त तिचा नोजबँड दोन भोकं सैल केला, आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला उतरून तिच्याकडे बघवेना. पट्टा मीच आवळला होता. तिने पाय का रोवले असतील, हा विचार मला त्या क्षणापर्यंत शिवलाच नव्हता.

त्या दिवशीच्या गुणपत्रिकेत माझ्या पोशाखाबद्दल किंवा वागणुकीबद्दल एकही शेरा नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा फाटकावर ड्युटी आहे. पिशवीत जाळ्या आणि पिना ठेवल्यात, कुठल्या पोरीला परत जावं लागायला नको. परवाच्या त्या स्वाराचं नावही यादीत दिसलं. या वेळी त्याने हिसके द्यायला सुरुवात केली तर मी स्टुअर्डला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला, हाक मारणार आहे. वाईटपणा येईल, ओळखीतला माणूस आहे. येऊ दे.