त्या ‘वेटर आणि आचारी’ फॉरवर्डबद्दल, एकदाचं

परवा भाच्याने परत तोच फॉरवर्ड पाठवला. इंटरव्ह्यूच्या तयारीच्या ग्रुपांवर गेली काही वर्षं फिरतोय तो, वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हरमधला फरक सांगणारे पाच मुद्दे, एक चित्र आणि खाली ‘सेव्ह करून ठेवा, नक्की विचारतात’. भाचा म्हणतो, मामा एवढं पाठ केलं की झालं ना? म्हटलं थांब, आधी मला एकदा नीट चिडू दे.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. वेब सर्व्हर म्हणजे वेटर, तो फक्त तयार वस्तू (स्टॅटिक फाईली) आणून देतो, डायनॅमिक, म्हणजे मागणीनुसार तिथल्या तिथे बनवायचं काही त्याला जमत नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे आचारी. दुसरं, वेब सर्व्हर फक्त एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची भाषा) बोलतो, ॲप सर्व्हर सगळे प्रोटोकॉल बोलतो. तिसरं, अपाचे हा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट हा ॲप्लिकेशन सर्व्हर. चौथं, ॲप सर्व्हरच्या पोटात वेब सर्व्हर असतोच, त्यामुळे पुढे वेगळा लावायची गरज नाही. आणि पाचवं, ५०२ एरर आली म्हणजे वेब सर्व्हर बिघडला, रीस्टार्ट करा.

यातलं धडधडीत खोटं तसं कमीच आहे, आणि तोच तर त्रास आहे. पूर्ण खोटं असतं तर कुणी पाठच केलं नसतं. दोघांमध्ये रेघ आहे, पण या लोकांनी ती भलत्याच जागी मारलीये.

पहिल्यापासून घेऊ. ‘वेब सर्व्हरला डायनॅमिक जमत नाही.’ अरे बाबांनो, सीजीआय १९९३ चं आहे! इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संगणन केंद्राच्या सर्व्हरमध्ये आलं ते, म्हणजे ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ हा शब्द जावावाल्यांनी घराघरात पोचवायच्या कितीतरी आधी. रिक्वेस्ट आली की सर्व्हर एक प्रोग्रॅम चालवणार, त्याने जे छापलं ते ब्राउझरला देणार. त्याच एनसीएसएच्या कोडवर पॅचेस मारून १९९५ मध्ये अपाचे उभा राहिला, आणि पुढे मॉड-पीएचपी हे जोडमॉड्यूल आलं तेव्हा तर पीएचपी भाषेचा इंटरप्रिटर (कोड चालवणारा भाग) अपाचेच्या प्रोसेसच्या पोटातच जाऊन बसला. वर्डप्रेसच्या असंख्य साइटी वर्षानुवर्षं अशाच चालल्या, त्यात ‘ॲप सर्व्हर’ म्हणून वेगळा डबा कुठे होता सांगा बघू? आणि उलट बाजूने बघितलं तर टॉमकॅट स्टॅटिक फाईली मजेत देतो, त्याच्यात त्यासाठी डिफॉल्ट सर्व्हलेटच आहे (सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरमध्ये चालणारा जावाचा छोटा प्रोग्रॅम). म्हणजे दोघंही दोन्ही करतात. स्टॅटिक-डायनॅमिक ही रेघच नाही.

दुसऱ्या मुद्द्यात फार वेळ घालवत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पण तो मागच्या ॲपशी फास्टसीजीआय बोलतो, युडब्ल्यूएसजीआय बोलतो, जीआरपीसी पुढे पाठवतो (हे सगळे एचटीटीपीहून वेगळे प्रोटोकॉल), मेलचे आयमॅप, पॉप३ आणि एसएमटीपीसुद्धा प्रॉक्सी करतो (मधे बसून मागच्या सर्व्हरकडे पोचवतो), आणि पुमासारखे रुबीचे ॲप सर्व्हर एचटीटीपीपलीकडे तोंड उघडत नाहीत. मुद्दा उलटाच झाला की! हे वाक्य मुळात १९९० च्या दशकाच्या शेवटाचं आहे, जेव्हा ॲप सर्व्हर म्हणजे वेबलॉजिक नाहीतर वेबस्फिअर असा अर्थ होता आणि बाहेरचे क्लायंट आरएमआयने (दुसऱ्या मशीनवरचा जावा कोड बोलवायची पद्धत) थेट ईजेबीला (ॲप सर्व्हरमध्ये चालणारे जावाचे घटक) हाक मारायचे. तेव्हा खरं होतं. लोकांनी वाक्य ठेवलं, जमाना बदलला.

टॉमकॅटचं जरा नाजूक आहे, कारण इथे जाणकारसुद्धा भांडतात. टॉमकॅट १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून अपाचे फाउंडेशनकडे आला (म्हणून ‘अपाचे टॉमकॅट’, आणि म्हणूनच नवी पोरं अपाचे आणि टॉमकॅट एकच समजतात, त्यांचा दोष नाही). आतमध्ये तीन मोठे भाग: कोयोटी हा एचटीटीपी बोलणारा, कॅटालिना हा सर्व्हलेट चालवणारा आणि जॅस्पर हा जेएसपी (जावा मिसळलेली एचटीएमएल पानं) कंपाइल करणारा. म्हणजे बघा, ज्याला आपण ॲप सर्व्हर म्हणतोय त्याच्या पुढच्या खोलीत वेब सर्व्हर बसलेलाच आहे. पण जावाच्या जगात ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ हा नेमक्या अर्थाचा शब्द आहे. जे२ईई, नंतर जावा ईई, आता जकार्ता ईई, या स्पेसिफिकेशनमध्ये ईजेबी, मेसेजिंग, दोन डेटाबेसांत मिळून एकच ट्रान्झॅक्शन असलं सगळं येतं. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस (आताचा वाइल्डफ्लाय) हे ते देतात. टॉमकॅट देत नाही, तो सर्व्हलेट कंटेनर आहे, आणि ते बाकीचं हवं म्हणूनच तर टॉमईई नावाचा वेगळा प्रकल्प निघाला. त्यामुळे बँकेच्या प्रोजेक्टमधला पिकला माणूस इंटरव्ह्यू घेत असेल आणि तुम्ही टॉमकॅटला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणालात तर तो भुवई वर करणार, आणि पायथनवाला घेत असेल तर त्याला काहीच वाटणार नाही कारण त्याच्याकडे गनिकॉर्न या पायथन कोड चालवणाऱ्या सर्व्हरलासुद्धा ॲप सर्व्हरच म्हणतात. शब्द एक, गावं दोन. कुठल्या गावात बसलोय ते बघून बोलायचं.

आता चौथा. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

‘ॲप सर्व्हरला एचटीटीपी येतंच, मग पुढे एनजिनएक्स कशाला?’ हे वाक्य मी फॉरवर्डमध्ये वाचायच्या आधी एका कॉलवर ऐकलंय, आणि त्याची किंमत रात्रभर जागून मोजलीये. एक प्रवेशअर्जाचं पोर्टल होतं, नाव राहू दे. जँगो या पायथन फ्रेमवर्कवर लिहिलेलं, गनिकॉर्नवर चालणारं. डॉकरमध्ये (ॲप कंटेनरमध्ये बंद करून चालवायचं साधन) हलवताना कुणीतरी मधला एनजिनएक्स काढून टाकला, एक भानगड कमी म्हणून. टेस्टिंगमध्ये सगळं मस्त, ऑफिसच्या वायफायवरून पान चटकन उघडायचं. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी साइट बसली. सीपीयू बघितला तर रिकामा, मेमरी निवांत, डेटाबेस झोपलेला, आणि साइट उघडत नाही म्हणून फोनवर फोन. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा, वर्कर टाइमआउट, वर्कर टाइमआउट.

हिशोब करून बघा. मशीनला २ कोअर, गनिकॉर्नचा नेहमीचा फॉर्म्युला कोअरची दुप्पट अधिक एक, म्हणजे ५ वर्कर (रिक्वेस्टवर काम करणाऱ्या प्रोसेस). साधा सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट धरतो. पोरं मोबाईलवरून मार्कशीटचा स्कॅन चढवतायत, फाईल २ एमबीची, गावाकडचं नेट सेकंदाला ५० केबी धरा, म्हणजे एक फाईल चढायला ४० सेकंद. ते ४० सेकंद आपला वर्कर काय करतोय? काही नाही. बाइट यायची वाट बघत बसलाय. आणि गनिकॉर्नचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांचा, म्हणजे फाईल पूर्ण चढायच्या आधीच मास्टर (वर्करांवर लक्ष ठेवणारी प्रोसेस) त्या वर्करला मारून टाकतो, पोरगं परत बटण दाबतं, परत पहिल्यापासून. पाच पोरं अशी अडकली की सहाव्याला दार बंद. पाच! हल्ला नाही काही नाही, फक्त स्लो नेट असलेले पाच प्रामाणिक विद्यार्थी.

एनजिनएक्स परत पुढे लावला, बस. तो डिफॉल्टमध्येच अख्खी अपलोड स्वतःकडे साठवून घेतो, आणि फाईल पूर्ण हातात आली की मग लोकल नेटवर्कवरून क्षणात मागे ढकलतो. वर्करचं काम ४० सेकंदांवरून डोळ्याची पापणी लवेपर्यंत आलं. (पहिल्या दहा मिनिटांत नवी बोंब झाली ती वेगळी, सगळ्यांना ४१३, म्हणजे ‘फाईल फार मोठी’ हा एरर यायला लागला, कारण एनजिनएक्समध्ये अपलोडची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी असते आणि ते आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. ते वाढवलं आणि मग कुठे चहा घेतला.)

तर रेघ आहे ती इथे. वाट कोण बघणार आणि काम कोण करणार. वाट बघणं स्वस्तात करता येतं, एनजिनएक्सच्या स्वतःच्या साइटवर लिहिलंय की १०,००० निष्क्रिय कीप-अलाइव्ह (उघडी ठेवलेली) कनेक्शन धरायला साधारण २.५ एमबी मेमरी लागते. तुमचा कोड लोड केलेला एक वर्कर मात्र महाग असतो, म्हणून तो मोजकाच ठेवता येतो. इगोर सिसोएवने २००२ च्या सुमारास एनजिनएक्स लिहायला घेतला तो याच दुखण्यावर, एका मशीनवर दहा हजार कनेक्शन कशी धरायची, आणि २००४ मध्ये लोकांसाठी खुला केला. गनिकॉर्नवाले काही लपवतही नाहीत, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट सांगितलंय की पुढे प्रॉक्सी ठेवा, शक्यतो एनजिनएक्स ठेवा, आणि दुसरा ठेवणार असाल तर तो स्लो क्लायंट बफर करतो का ते तपासा.

खानावळीचंच उदाहरण द्यायचं तर असं द्या. वाढप्याचं खरं काम पापड-लोणचं आणून देणं हे नाहीच. गिऱ्हाईक दहा मिनिटं मेनू चाळत बसलं, फोनवर बोलत बसलं, ‘नको, मिसळच आण’ म्हणून बदललं, तरी आतल्या आचाऱ्याला त्याचा पत्ता लागू न देणं हे त्याचं काम. वाढपी काढून टाकला तर आचारी चूल सोडून टेबलाशेजारी उभा राहणार. चूल रिकामी, आणि बाहेर रांग.

आता समोरून कुणी म्हणेल की टॉमकॅटला हे लागू नाही, त्याचा एनआयओ कनेक्टर (कनेक्शन घेणारा भाग) नॉन-ब्लॉकिंग आहे, वाट बघत अडकत नाही. अर्धं बरोबर. पुढच्या रिक्वेस्टची वाट बघताना आणि हेडर वाचताना तो थ्रेड (प्रोसेसच्या आतला कामकरी) अडकवत नाही, पण बॉडी, म्हणजे अपलोडचा मजकूर वाचताना नेहमीचा सर्व्हलेट ब्लॉकच होतो, आणि थ्रेड डिफॉल्ट २००. पाचपेक्षा दोनशे बरे, पण जात तीच. आणि हो, प्रत्येक ठिकाणी पुढे एनजिनएक्स हवाच असंही मी म्हणत नाही, नाहीतर माझाही फॉरवर्ड व्हायचा. ऑफिसातल्या वीस लोकांचं टूल आहे, जावाचं स्प्रिंग बूट थेट चालवा, काही बिघडत नाही. गो भाषेत लिहिलेली सर्व्हिस बाहेरची कनेक्शन स्वतः आरामात धरते. मायक्रोसॉफ्टसुद्धा सुरुवातीला त्यांचा केस्ट्रेल हा वेब सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका म्हणायचं, २०१७ च्या २.० आवृत्तीपासून चालेल म्हणायला लागलं. म्हणजे उत्तर बदलू शकतं, पण प्रश्न तोच राहतो: माझ्या सेटअपमध्ये स्लो माणसाला कोण धरून बसलंय?

आणि जाता जाता, एनजिनएक्स नुसता बसवला की साइट फास्ट होते असंही नाही. जीझिप (पान दाबून लहान करून पाठवणं) डिफॉल्टला बंद असतं, कॅशिंगही तुम्ही सांगितल्याशिवाय होत नाही, आणि आठ सेकंदांची क्वेरी प्रॉक्सीमागेही आठच सेकंद घेते.

शेवटचा, ५०२ वाला. याने तर लोकांना प्रॉडक्शनवर चुकीचं बटण दाबायला शिकवलंय. ५०२ चं पान एनजिनएक्सने दाखवलं याचा अर्थच हा की एनजिनएक्स जिवंत आहे! मेलेला असता तर ब्राउझरला कनेक्शनच मिळालं नसतं. ५०२ म्हणजे तो मागे गेला आणि मागच्याने दारच उघडलं नाही, किंवा मध्येच फोन आपटला. ५०४ म्हणजे मागच्याने दार उघडलं पण वेळेत उत्तर दिलं नाही, डिफॉल्ट ६० सेकंद. निरोप्याला बडवून काय होणार?

एरर लॉग उघडा, तिथे लिहिलेलं असतं. १११ आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं तर मागची प्रोसेस उठलेलीच नाही किंवा पोर्ट चुकलाय. ११० आणि ‘टाइम्ड आउट’ दिसलं तर ती उठलेली आहे पण गुंतलीये, डेटाबेसकडे बघा. ‘प्रिमॅच्युअरली क्लोज्ड’ असेल तर वर्कर मध्येच मेला, मेमरी संपून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मारला का ते बघा. आणि ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ ची रांग लागली असेल, जो एचटीटीपीच्या अधिकृत यादीत नाही, एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे, तर लोक कंटाळून रिफ्रेश मारतायत आणि मागचा बिचारा बहुतेक वेळा गेलेल्या गिऱ्हाइकाचीच मिसळ अजून बनवतोय.

भाच्याला एवढं सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘मामा, दोन ओळींत सांग ना, उद्या इंटरव्ह्यू आहे.’ मग लिहिलं: वेब सर्व्हर कनेक्शन सांभाळतो, ॲप सर्व्हर तुझा कोड चालवतो, एकच सॉफ्टवेअर दोन्ही करू शकतं. आणि समोरच्याने टॉमकॅट विचारलं तर आधी त्याला विचार, सर तुमच्याकडे ईजेबी आहे का?