टर्बोला पैसे आहेत, ब्रेकला नाहीत?

नमस्कार 'रेडलाइन'राव,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की साध्या पेट्रोल स्विफ्टला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावून ताकद दुप्पट करायची तर निम्म्याहून जास्त पैसे इंजिनाबाहेरच जातात, आणि तेवढी तयारी नसेल तर त्या फंदात पडू नये. त्यावर तुम्ही चांगलंच झापलंय. 'उंटावरून शेळ्या हाकू नका, माझ्या मित्राची टर्बो स्विफ्ट वर्षभर ठणठणीत पळतेय. कंपन्या मुद्दाम पॉवर दाबून ठेवतात. मिनी तरी काय होती, ३४ एचपीचा डबाच ना? तिने रॅल्या मारल्याच की!' शिवाय मी उगाच आरटीओचा बागुलबुवा उभा करतो, हे वेगळंच.

मिनीचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ती साक्ष माझ्याच बाजूने जाते. १९५९ची मूळ मिनी, ती छोटी ब्रिटिश गाडी, ८४८ सीसी, ३४ एचपी. १९६१मध्ये रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या नावाची मिनी आली ती ९९७ सीसी आणि ५५ एचपीची. त्याच गाडीत पुढच्या चाकांना ७ इंची डिस्क ब्रेकही आले. तेसुद्धा अपुरे पडायचे. १९६३च्या कूपर एसमध्ये ताकद ७० एचपीवर गेली, म्हणजे तुम्ही म्हणता तशी दुप्पट, तेव्हा १०७१ सीसीच्या इंजिनाला नायट्राइड केलेल्या, म्हणजे पृष्ठभाग कडक केलेल्या, पोलादाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) दिला, डिस्क साडेसात इंची झाल्या आणि ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, आली. १९६४ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने मारली ती या गाडीने. साध्या मिनीवर दोन कार्ब्युरेटर चढवून नव्हे.

आता तुमच्या मित्राची गाडी. स्विफ्टचं इंजिन हवा स्वतःच ओढून घेतं, म्हणून त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती चेपलं जातं ते, चढं ठेवलेलं असतं. टर्बोने अर्धा बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण निम्मा) जादा दाब दिला की कागदावर दीडपट हवा आत जाते. पण दाबलेली हवा तापते. ती तापलेली हवा चढ्या कॉम्प्रेशनमध्ये आणखी चेपली गेली की ठिणगी पडल्यावर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत आपणहून भडकतं. तेच नॉकिंग. ते टाळायचं तर ती हवा थंड करणारा इंटरकूलर हवा, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर हवेत, ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला हवं, आणि दाब वाढवत नेलात तर कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन हवेत. एवढं केल्यावरही गाडीत साधं पेट्रोल भरून एक्स्प्रेसवेवर पाय दाबून बसलात तर देवच राखणार.

भोसरीच्या एका गॅरेजात अशाच एका इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तक्रार काय, तर ऑइल पितेय आणि तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे नीट पेटत नाहीये. मेस्त्रींनी आधी स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरवावी तसे बारीक ठिपके, काही काळे, काही चमकणारे. चमकणारे होते ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. पिस्टन बाहेर आला तर वरच्या दोन रिंगांच्या मधली कड बोटभर लांबीची तुटून गेलेली. मालकाचं आपलं एकच पालुपद, "काल रात्रीपर्यंत मस्त पळत होती हो." पळत असणारच. ती कड तुटेपर्यंत चालवणाऱ्याला काहीही कळत नाही, म्हणून 'वर्षभर ठणठणीत' हा पुरावा मी धरत नाही.

'कंपन्या पॉवर दाबून ठेवतात' यात मात्र तथ्य आहे, पण ते मुळातल्या टर्बो गाड्यांपुरतं. सुझुकीचं एक लिटरचं बूस्टरजेट हे टर्बो इंजिन युरोपात १११ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) होतं, आपल्याकडच्या बलेनो आरएसमध्ये १०२चं. फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर आणि तिचा सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स २५०पर्यंत झेलणारा. तिथे जागा आहे, आणि चांगल्या ट्यूनरने डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नीट रीमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, तर मी नाक मुरडणार नाही. स्विफ्टमध्ये अशी दडवून ठेवलेली पॉवर नाही. टर्बोशिवाय नुसत्या रीमॅपने तिथे हाती लागतं ते फार थोडं.

त्याच बलेनो आरएसकडे जरा नीट बघा. साध्या बलेनोचे ८४ पीएस, हिचे १०२. एवढ्याशा फरकासाठी मारुतीने मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क दिल्या. आणि आपल्या रांजणगावात बनलेली फियाटची २०१५ची अबार्थ पुंटो? साधी १.२ पुंटो ६८ एचपीची, अबार्थ १४५ची. दुपटीहून जास्त. तिला वेगळं टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क, १६ इंची टायर, खाली बसवलेलं कडक सस्पेन्शन. पैसे वाचवायला टपलेल्या कंपन्यासुद्धा जिथे खर्च करतात, तिथे आपण का वाचवायला जावं?

वेग १००वरून १४०वर नेला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ती सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि शेवटी ब्रेक फ्लुइडमध्ये जाते. डॉट ३ दर्जाचं ब्रेक फ्लुइड कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि जुनं झालं की हीच हमी १४० अंशांवर येते. मग वरंध घाट उतरताना पेडल एकदम जमिनीला टेकतं. टर्बो बसवून झाल्यावर 'ब्रेकचं पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे वरातीमागून घोडं आहे, राव.

आरटीओचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहा: आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 'कोण बघतंय' हे तुमचं म्हणणं नाक्यावर खरं असेल. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा तो बघतो, आणि क्लेम नाकारायला त्याला आयतं कारण मिळतं. ट्रॅकवर चालवायची असेल तर गोष्ट निराळी. तिथे खुशाल दुप्पट करा, मीही बघायला येईन.

तुम्ही म्हणता प्रत्यक्ष गाडी बघा, तर बघू की. मित्राला एवढं विचारून इथेच कळवा: डायनोचा आलेख आहे का, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की वेग न वाढता नुसता आरपीएम चढतो का (म्हणजे क्लच घसरतोय का), क्लचप्लेट कुठली टाकली आहे आणि मागे अजून ड्रमच आहेत का.