पांदणीवर चालणाऱ्या गाडीला 10 इंची स्क्रीन लावू नका

आपल्याकडं थार, बोलेरो, जुनी जिप्सी नाहीतर गुरखा घेतली की पोरांची पहिली मागणी हल्ली ठरलेली असते. डॅशबोर्डवर गाण्या-नकाशाची मोठी स्क्रीन पाहिजे. दुकानदारही तीच पुढं करतो. "भाऊ, हा 10 इंची घ्या. आठ जीबी रॅम हाये, एकशे अठ्ठावीस मेमरी, यूट्यूबबी चालते." वर किंमतही नावाजलेल्या कंपनीच्या 7 इंची सेटपेक्षा कमी सांगतो. घेणारा खूश. मला हे अजिबात पटत नाही. ज्या गाडीला वावरात, नाल्यात, जंगलाच्या रस्त्यानं जायचं आहे, तिच्यासाठी हा सौदा चुकीचा आहे.

आधी ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आपल्याकडंही नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, काही वेगळं नसतं. ते झालं सावलीतलं तापमान. काचा बंद करून बागेच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बघा, ठेववणार नाही. एलसीडी स्क्रीन ठरावीक तापमानाच्या वर गेली की काळी पडते, थंड झाली की परत येते. पण रोज तेच होत राहिलं तर काचेखालचा गोंद सुटतो, बुडबुडे येतात आणि टच स्वतःच इकडंतिकडं दाबला जातो. म्हणून खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किती अंशांपर्यंत चालेल हे लिहिलं आहे का ते बघा. लिहिलेलंच नसेल तर तो सेट खाली ठेवा.

कापडी टपाची किंवा उघडी गाडी असेल तर उजेडाचाही प्रश्न येतो. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन चमकतात. दुकानदाराला म्हणा, दादा, एखाद्या गाडीत बसवलेला सेट दुपारी 12 वाजता दरवाजे उघडून दाखवा. तुम्ही पोलराइज्ड गॉगल लावत असाल तर तो लावूनच बघा. काही स्क्रीन त्यातून जवळपास काळ्या दिसतात.

धूळ आणि दणके यांचं कोणी विचारतच नाही. काळ्या मातीची बारीक धूळ कुठं शिरत नाही? स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड सेटना मागं छोटा पंखा असतो, तो ती धूळ सरळ आत ओढतो. 9 किंवा 10 इंची स्क्रीनचा मागचा डबा लहान आणि पुढचा पाटा मोठा असतो. सगळं वजन प्लास्टिकच्या फ्रेमच्या चार कानांवर लटकतं. डांबरी रस्त्यावर चालून जातं. पांदणीच्या गोट्यांवर महिनाभर हादरली की खडखड सुरू, मग कान तुटतात. साधा 2 डिन, म्हणजे ठरलेल्या मापाचा सेट 180 बाय 100 मिलिमीटरच्या खाचेत पूर्ण आत बसतो. मागं पट्टी मारून बोल्टनं कसला की हलत नाही. बसवणाऱ्याला ती मागची पट्टी मारायला सांगायचंच. बरेच जण घाईत सोडून देतात.

आणि आवाजासाठी हाताला लागणारं गोल बटण हवं. गाडी चाकोरीत डोलत असताना स्क्रीनवर बोट नेमकं पडत नाही. एक बघून दाबायला जावं तर दुसरंच उघडतं, नजर रस्त्यावरून सुटते ती वेगळीच. पावसात ओल्या बोटानं किंवा काचेवर थेंब असताना तर टच आणखी वेड्यासारखा वागतो. सोनी, पायोनिअर, केनवुड यांच्या 7 इंची सेटमध्ये बटणं असलेली मॉडेलं मिळतात. महिंद्रानं 2020 च्या थारला 7 इंचीच स्क्रीन दिली आणि तीही पावसाचे शिंतोडे सोसेल अशी. गाडी बनवणाऱ्यांनी हा विचार केला, आपण बाहेरून बसवताना का सोडायचा?

आता नकाशा. इथं सर्वात जास्त फसगत होते. 'अँड्रॉइड' सेट म्हणजे गाडीत बसवलेला टॅब. त्यावर नकाशा, यूट्यूब चालवायला इंटरनेट लागतं, म्हणजे बहुतेकदा तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. 'अँड्रॉइड ऑटो' म्हणजे फोनवरचाच नकाशा, फोनवरचीच गाणी, स्क्रीन फक्त दाखवते. दुकानात विचारताना हा फरक स्पष्ट करूनच घ्या. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जा, किंवा आलापल्लीहून भामरागडला. मधल्या जंगलात कितीतरी वेळ फोनला एक काडी दिसत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर तिथं हॉटस्पॉटवरचा टॅब कोरा नकाशा दाखवत बसतो. फोनवर घरूनच त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून घेतला असेल तर अँड्रॉइड ऑटोवर तो नेटवर्कशिवाय चालतो, कारण जीपीएस उपग्रहावर चालतं, मोबाईलच्या टॉवरवर नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता तुटतो, हे मात्र कुठलाही ऑफलाइन नकाशा सांगणार नाही. ते गावातल्या माणसालाच विचारावं लागतं.

वायरलेस अँड्रॉइड ऑटोच्या मागं लागू नका. उन्हात वायरलेस चालवत चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो. चांगली, छोटी, जाड केबल पुरे.

रॅमच्या आकड्यावरही विश्वास नको. स्वस्त सेटमध्ये सेटिंग उघडल्यावर दिसणारी रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती सॉफ्टवेअरनं खोटी दाखवलेली असू शकते. '50 वॅट गुणिले 4' हाही कमाल आकडा. 12 व्होल्टवर आतला अॅम्प्लिफायर सलग देतो तो आवाज स्पीकरमागं साधारण 15 ते 20 वॅटचा. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, किती ते विचारा.

बॅटरीवर मी जास्तच बोलतो, कारण पेरणीच्या ऐन दिवसांत गाडी सुरू न होणं काय असतं ते शेतकऱ्यालाच कळतं. चावी फिरवताच चालू व्हावेत म्हणून बरेच अँड्रॉइड सेट बंद केल्यावरही झोपेत राहतात आणि करंट पीत राहतात. 200 मिलिअॅम्पिअर पीत असेल तर दिवसाला 4.8 अॅम्पिअर-तास गेले. आठवडाभर गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली तर 60-65 अॅम्पिअर-तासाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी. सेट बसवल्यावर गाडी लॉक करून, थोडा वेळ थांबून, बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टिमीटर लावून मोजायला लावा. 50 मिलिअॅम्पिअरच्या वर गेलं तर काहीतरी चुकतंय.

आणखी पैसे घालायचेच असतील तर पुढच्या कॅमेऱ्यात घाला. नाल्यातून वर चढताना बॉनेट आभाळाकडं होतं आणि पुढं काय आहे ते दिसतच नाही. धुऱ्यापलीकडं खड्डा आहे की बैल उभा आहे, हे 7 इंची स्क्रीनवर दिसलं तरी पुरे. फक्त घेताना बघा, सेटला रिव्हर्सशिवाय दुसऱ्या कॅमेऱ्याची जागा आहे का, आणि तो हातानं चालू करता येतो का.

बसवताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. त्या मॉडेलचं कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग, बाजारात मिळतं, ते मागवा, दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा. पिवळी वायर कायम 12 व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थ. पिवळीवर फ्यूज असलाच पाहिजे. अर्थ पत्र्याला रंग खरवडून घट्ट कसलेली हवी, नाहीतर विंच (फसलेली गाडी ओढायचं बॅटरीवरचं यंत्र) ओढताना व्होल्टेज पडलं की सेट पुन्हा पहिल्यापासून चालू होतो आणि चढावरच कॅमेरा जातो.