सांताची टोपी आणि सांबारवडी

डिसेंबर लागला की नागपूरच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. शाळांनी पोरांना सांताक्लॉज का बनवायचं? एक म्हणतो, 25 डिसेंबरला तुळशीपूजन ठेवा. दुसरी म्हणते, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे! मी हे स्टॉकहोममध्ये बसून वाचते. कुठल्याही पोरावर टोपीची सक्ती नको, हे मला पूर्ण मान्य आहे. पण टोपी घातल्याने संस्कृती बुडते, हे इथे राहून अजिबात पटत नाही.

स्वीडिश माणसाला अगदी जवळचा वाटणारा एक हिवाळी सण म्हणजे 13 डिसेंबरची लुसिया. या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. सकाळच्या त्या काळोखात पांढरे झगे घातलेली पोरं गात येतात, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. ही लुसिया मूळची इटलीतल्या सिसिली बेटावरची संत, आणि स्वीडन तर सोळाव्या शतकातच लुथेरन, म्हणजे संतांची पूजा न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा झालेला! आजच्या मिरवणुकाही फार जुन्या नाहीत. 1927 मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडायची स्पर्धा घेतली आणि त्यानंतर त्या देशभर फोफावल्या. त्या दिवशीचा पाव केशराचा. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं. माझ्या शेजारच्या आजी ते साखरेबरोबर खलात घोटतात, श्रीखंडासाठी आपण घोटतो तसंच. पिवळ्याधमक कणकेची दोन्ही टोकं उलटसुलट वळवायची आणि प्रत्येक वेटोळ्यात एक बेदाणा दाबायचा. संत बाहेरची, केशर बाहेरचं, तरी सण यांचाच, कारण दरवर्षी घरोघरी ही कणीक मळली जाते.

युरोपच्या जुन्या ज्युलियन पंचांगात एके काळी लुसियाची रात्र हीच वर्षातली सगळ्यात मोठी रात्र होती. आपली मकरसंक्रांतही सुमारे 1700 वर्षांपूर्वी सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास यायची, मग हळूहळू जानेवारीत सरकली. दोघांना ओढ एकाच सूर्याची.

आणि नागपूरला नाताळ परका कधी होता? सदरला कॅथेड्रल आहे, तिथल्या ओळखीच्या घरांतून आमच्याकडे कलकलांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड खाऊचं ताट यायचं, आमच्याकडून संक्रांतीला तिळगूळ जायचा. याचा कुणालाच त्रास नव्हता.

मला काळजी वाटते ती सांबारवडीची. थंडीत सांबार, म्हणजे आमच्या विदर्भातली कोथिंबीर, स्वस्त आणि कोवळा असतो. घरातले सगळे जुड्या निवडायला बसायचे. खसखस, तीळ, सुकं खोबरं घालून सारण व्हायचं, बेसनाच्या पारीला आतून चिंचगुळाचं बोट फिरवायचं, पुडी दुमडून तळायची, सोबत गरम कढी. आता ग्रुपवर संस्कृतीसाठी भांडणारे बरेच जण ती दुकानातून पाव किलो आणतात. नोकरी करून दमलेल्या बाईवर याचा दोष ढकलू नका. घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी हात लावला तर रविवारी दोन तासांत होते.

वाद घालायचाच तर नायलॉन मांजावर घाला. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले जातात, पक्षी तारांवर लटकून मरतात. डिसेंबरच्या पालकसभेत टोपीऐवजी हा विषय काढा, आणि आपल्या पोराच्या चक्रीत कुठला मांजा आहे ते स्वतः हातात घेऊन बघा.