वर्गणीचा हिशेब

जर्मनीत घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी महिन्याला 18.36 युरो प्रसारण-वर्गणी भरावी लागते आणि ती साधारणपणे दर तीन महिन्यांनी एकदम वसूल होते. केम्निट्समध्ये राहायला आलो त्या वर्षी तिचे पत्र टपालपेटीत पडले, तेव्हा मी अस्सल सोलापुरी माणसासारखा चरफडलो होतो. जे आपण बघत नाही, ज्यांची भाषा आपल्याला धड कळत नाही, त्यांच्या बातम्यांचे पैसे आपण का द्यायचे, असा माझा प्रश्न होता. शेजारच्या निवृत्त बाईंनी शांतपणे उत्तर दिले की त्याही पुष्कळदा बघत नाहीत, पण दुसऱ्या कोणी त्या बातम्यांचे पैसे दिलेले त्यांना चालणार नाही.

हे वाक्य मला 2025 च्या जूनमध्ये पुन्हा आठवले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्रात तेव्हा रण माजले होते. 16 एप्रिलचा निर्णय, मग 17 जूनचा सुधारित निर्णय आणि शेवटी 29 जूनला दोन्ही मागे, या सगळ्या काळात आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. मी लिहिले की भाषा कोणती हा वाद होत राहील, पण शिकवणारा माणूस वर्गात आहे का, हे आधी बघा. त्यावर दादाने एवढेच लिहिले, "तुझी मुलगी तिकडे शिकते. तू कशाला बोलतोस?" मला राग आला आणि मग दोन दिवसांनी लाज वाटली, कारण दादाचे म्हणणे बरोबर होते. फक्त ते त्यालाही लागू होते: त्याची दोन्ही मुले शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रिक्षाने जातात.

सोलापुरात तरी या भाषावादाला निराळा सूर लागायला हवा होता. आमच्या पूर्व भागात पाच वर्षांचे पोर घरात तेलुगू, गल्लीत मराठी, समोरच्या दुकानात कन्नड आणि सिनेमातून उचललेली हिंदी बोलते, आणि त्याला कोणी त्रिभाषासूत्र शिकवलेले नसते. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, शहरात उर्दू शाळा आहेत. सोलापूरला भाषांचे ओझे कधी झाले नाही; इथली अडचण वेगळीच आहे.

ती मी मागच्या हिवाळ्यात पाहिली. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते आणि आम्ही भावंडे महापालिकेच्या शाळेत शिकलो, कारण ती घरापासून तीन मिनिटांवर होती. यंत्रमागांची खटाखट वर्गात इतकी ऐकू येई की लोडशेडिंग झाले की गुरुजींचा आवाज एकदम मोठा वाटे. शाळा अजून आहे. तिला नवा रंग दिलेला आहे, भिंतीवर सूर्यमाला रंगवलेली आहे. माझ्या वेळी एकेका इयत्तेच्या दोन तुकड्या असत. आता तिसरी-चौथीची मुले एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात आणि बाई दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये येरझाऱ्या घालतात. मी गेलो तेव्हा त्या चौथीला भागाकार देऊन तिसरीकडे वळल्या होत्या, आणि मधल्या वेळेत खिचडीच्या पातेल्याचा फोटो मोबाइलवर चढवत होत्या, कारण तो ठरलेल्या वेळेत गेला नाही तर विचारणा होते. शिवाय मतदार यादीचे काम त्यांच्याकडे होतेच. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत. त्या अपवादांतच माणसाचे अर्धे वर्ष कसे निघून जाते, हे बाईंनी मला तक्रारीच्या सुरात नव्हे, वेळापत्रक सांगावे तसे सांगितले.

माझी मुलगी इथे ज्या प्राथमिक शाळेत जाते ती आम्ही निवडलेली नाही, आमच्या पत्त्याने निवडली आहे. तिच्या बाकावर एका बाजूला दंतवैद्याचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या सीरियन बाईंची मुलगी बसते. शाळेचे छत गळू लागले तेव्हा त्या दंतवैद्यानेच नगरपालिकेला तीन पत्रे लिहिली, कारण त्याच्या मुलाच्या वहीवर पाणी पडत होते. यात कसलेही थोर मन नाही, आणि म्हणूनच ती व्यवस्था टिकते. हेच महाराष्ट्राच्या 2024 च्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहा. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट, असा बदल सरकारने केला आणि पालक हवालदिल झाले. उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ते योग्यच झाले, कारण सरकार गरिबांचे दार बंद करत होते. पण आपल्याच गल्लीतल्या शाळेत मूल घालावे लागणे ही शिक्षा वाटावी, या अवस्थेला आपण कसे आलो, याची चर्चा मला तरी कुठे फारशी वाचायला मिळाली नाही.

इथले सगळे सोन्याचे आहे असे मात्र कोणी समजू नये. याच मुलांची चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, गुणांवरून वाटणी होते; काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जातात, बाकीची दुसरीकडे, आणि कोण कुठे जाणार याचा अंदाज आईबापांच्या व्यवसायावरून बहुतेक वेळा बरोबर येतो. शाळकरी मुलांच्या 2022 च्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत जर्मन मुलांची कामगिरी त्या चाचणीच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत वाईट होती, आणि गेली काही वर्षे शिक्षकांचा तुटवडा इथेही आहे. फरक एवढाच की या घसरणीचा त्रास निर्णय घेणाऱ्यांच्या घरातही पोहोचतो. आपल्याकडे 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी सेवकांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत असा आदेश दिला होता, आणि तो कागदावर राहिला. आपण मध्यमवर्गीय एकेक करून त्या शाळांतून बाहेर पडलो, मागे राहिलेल्यांचा आवाज कोणाला ऐकू जाईना, आणि मग शाळा बिघडल्या म्हणून आपण देशाबद्दल निराश झालो. माझे बाहेर पडणे तर सर्वांत लांबचे.

वर्तमानपत्रांचे याहून वेगळे झालेले नाही. माझा शाळेतला एक मित्र एका दैनिकाचा वार्ताहर आहे. नव्या पेठेत चहा पिता पिता त्याने खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. मला वाटले बातमीची टिपणे असतील. ती वाढदिवसांची यादी होती: नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, एका पतसंस्थेचे अध्यक्ष, आणि प्रत्येकापुढे अर्धे पान किंवा पाव पान असे लिहिलेले. महिन्याचे जाहिरातींचे उद्दिष्ट त्याच्यावर आहे, आणि त्यातल्या कमिशनशिवाय घर चालत नाही. त्याच आठवड्यात त्याने पाण्यावर बातमी दिली होती. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून शहराला कित्येक वर्षे तीन-चार दिवसांआड पाणी मिळत आले, हे सोलापूरकराला बातमी म्हणून सांगावे लागत नाही. पण त्याने एका पेठेतली गळती, तिच्या दुरुस्तीची दोनदा निघालेली बिले आणि ठेकेदाराचे नाव शोधले होते. बातमी आतल्या पानावर आली, ठेकेदाराचे नाव गळाले होते. यादीत त्याचा वाढदिवस होता.

मी संतापलो तेव्हा मित्राने मला एक हिशेब विचारला. आपण अंकाला पाच-सहा रुपये देतो, त्यातला विक्रेत्याचा वाटा जातो, कागद आणि छपाई त्यात निघत नाही, आणि महिनाअखेरीला रद्दी विकून त्यातलेही काही परत घेतो. मग वार्ताहराचा पगार कोणी द्यायचा? ज्याचा वाढदिवस आहे त्याने. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण महाराष्ट्रातूनच गाजले, 2010 मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला, आणि आपण सर्वांनी पत्रकारितेच्या अधःपतनावर हळहळ व्यक्त केली. अंकाची किंमत रुपयाने वाढली की पेपर बदलणारेही आपणच होतो.

त्याच्याशी बोलून मी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आलो. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरातून पोलीस हटले आणि काही दिवस शहर लोकांनीच चालवले. त्याची किंमत म्हणून मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवत. आजच्या वार्ताहराला त्यांच्याशी तोलणे अन्यायाचे आहे, हे मला कळते. पण धोका संपलेला नाही: 2023 च्या फेब्रुवारीत राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडण्यात आले, आणि पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 मध्येच संमत केलेला होता.

2018 च्या ऑगस्टमध्ये एका खुनानंतर केम्निट्सच्या रस्त्यांवर परक्यांविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा मी चार दिवस संध्याकाळनंतर घराबाहेर पडलो नाही. मोर्चातले लोक वार्ताहरांना 'खोटारडी पत्रे' म्हणून शिव्या देत होते. म्हणजे वर्गणी भरूनही विश्वास विकत मिळत नाही. पण त्या चार दिवसांत कोणत्या चौकात काय चालले आहे, हे मला कळत होते ते त्याच वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओवरून, आणि त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल कुरकुर केलेली नाही.

आशा ठेवायला जागा आहे का, असे दादाने निघताना विचारले. मी त्याला 'असर' या शैक्षणिक पाहणीचे आकडे सांगितले: देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येतो त्यांचे प्रमाण 2022 मध्ये 42.8 टक्क्यांवर घसरले होते, 2024 मध्ये ते 48.8 झाले. "म्हणजे निम्म्यांना अजून येत नाही," दादा म्हणाला. हो, येत नाही. पण ते सहा टक्के दोन फळ्यांमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या अशाच बाईंनी वाढवलेले आहेत, आपण नव्हे.

मित्राच्या दैनिकाची वर्षाची वर्गणी मी भरली. "अंक कुठे टाकू, जर्मनीला?" त्याने विचारले. मी शाळेचा पत्ता दिला. परवा बाईंचा निरोप आला की चौथीतला एक मुलगा रोज सकाळी अंक उघडून वाढदिवसाच्या जाहिरातींतली नावे मोठ्याने वाचतो. जोडाक्षरे सुधारली आहेत.