मंगळवारचं व्रत

दिव्यांग पेन्शनचा अर्ज करायचं मनात आहे? उत्तम. आधी मंगळवार मोकळे करून घ्या. आमच्या मध्य प्रदेशात जनसुनवाई, म्हणजे सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, मंगळवारी असते, आणि हे काही सोळा सोमवारांचं व्रत नाही, सोळाव्याला उद्यापन करून मोकळं व्हायला.

साहित्य घ्या: आधार, समग्र आयडी (राज्याच्या कुटुंब-नोंदणीतला क्रमांक), यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), पासबुक, फोटो आणि झेरॉक्सचा गठ्ठा. कार्डाचा रंग पाहून ठेवा. दिव्यांगत्व 40 टक्क्यांखाली तर पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 पासून पुढे निळा. निळा मिळाला म्हणून हुरळू नका. दारिद्र्यरेषेखाली असाल तर केंद्राचे महिन्याला 300 रुपये, 2012 पासून तेवढेच. राज्याने 2019 मध्ये 300 चे 600 केले, तेव्हा आमच्याकडे श्रीखंड झालं होतं. पहिला हप्ता त्यातच गेला.

आता नाव. इथे आपण इंदूरचे मराठी लोक मार खातो. आमच्या दादाच्या आधारावर नावाच्या मधोमध वडील आहेत; समग्रात नुसतं नाव आणि आडनाव. दोन्ही जुळेनात, म्हणून पेन्शन थांबली. वडील हयात होते तेव्हासुद्धा इतके दादाच्या आडवे आले नव्हते. तेव्हा बारशाच्या वेळीच पोर्टलवर विचारून नाव ठेवत चला.

नाव दुरुस्त झालं की अंगठा. दादा रामबागेत घड्याळं दुरुस्त करतो. पोलिओ पायात, पण चाळीस वर्षं बारीक स्क्रू फिरवून अंगठा गुळगुळीत झालाय. यंत्रावर लाल दिवा. ओल्या फडक्याने पुसला, लाल. शर्टाला घासला, लाल. ऑपरेटरने फाईल उघडून पाहिली आणि खऱ्या काळजीने विचारलं, "भिया, केस तो पाँव का है, फिर अंगूठा क्यों नहीं आ रहा?" यावर हसायचं नाही. हसलात की पुढचा नंबर पुकारतात.

कचेरी पहिल्या मजल्यावर असते हे गृहीतच धरा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सरकारी इमारती सुगम करायला, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. नियम 2017 चे. हिशेब तुम्हीच करा, जिना चढताना वेळ बरा जातो. रॅम्प नाही असं मात्र म्हणू नका. आहे. त्यावर स्कूटर लावायची सोय आहे.

कायद्याचा धाक दाखवायची हौस असेल तर 2010 चा लोकसेवा हमी कायदा आहे. पावतीवर तारीख पडते, ती उलटली की अपील, मग दुसरं अपील, आणि ठरलंच तर उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, जास्तीत जास्त 5000. भागाकार करून बघा: वीस दिवस. एकविसाव्या दिवसापासून उशीर फुकट! एवढी सवलत सराफ्यातही मिळायची नाही. (दादाची महिन्याची पेन्शन म्हणजे साहेबांचा अडीच दिवसांचाही उशीर नाही. हे त्याला मी सांगितलेलं नाही.)

हेल्पलाइनवर तक्रार केलीत, तर फोन येईल: "आप संतुष्ट हैं?" नाही म्हणालात तर पुन्हा येईल, थोड्या मऊ आवाजात. तिसऱ्या खेपेला तुम्हालाच त्या पोराची दया येते. दादा "हाव", म्हणजे हो, म्हणून बसला. तक्रार निकाली, पेन्शन तिथेच.

शेवटचा सल्ला, अंगात काहीतरी कला असू द्या. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ सव्वाअकरावर बंद पडलं होतं. अकराव्या की बाराव्या मंगळवारी बाबूंनी ते उतरवून दादाच्या पिशवीत घातलं, "देख लेना जरा." दादाने रात्री बसून उघडलं, साफ केलं, आणि बुधवारी सकाळी कुबडी सावरत जिना चढून परत नेऊन दिलं.

बाबूंनी ते कानाशी लावून पाहिलं. म्हणाले, "अरे! इतनी जल्दी?"