कटानाने पोलादी चिलखत कापले जात नाही

‘कटानाच्या (सामुराई या जपानी योद्ध्यांच्या तलवारीच्या) एका घावात नाइटचे (चिलखतधारी युरोपीय योद्ध्याचे) चिलखत दुभंगेल’ हे एका लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय चिलखताचे पोलादी पत्रे बाकदार घडवलेले असत, त्यामुळे तलवारीचा वार, मग ती जपानी असो वा युरोपीय, त्यावरून घसरून जाई. म्हणूनच नाइट स्वतःही तलवारीचे पाते मधोमध धरून तिचे टोक काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत खुपसत. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात अशी चिलखते जवळून पाहताना त्यांच्या सांध्यांच्या घडणीने मी थक्क झालो होतो.

सामुराईचे रणांगणावरील मुख्य शस्त्र आधी धनुष्य आणि पुढे भाला हे होते, याचा तर लेखात उल्लेखच नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचल्यानंतरच्या काळात तेथील काही सेनानींनी युरोपीय धाटणीची छातीकवचे स्वतः वापरली आणि पुढे जपानचा शोगुन (लष्करी शासक) झालेला तोकुगावा इएयासू हा त्यांपैकीच एक होता.